तेरा कोटींचे गणित

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब या गावाच्या नावापुढे 'समर्थ' हे पद कायमचे जोडले गेले आहे. शके १५३० मध्ये, म्हणजे १६०८ साली, रामनवमीच्या दिवशी येथील ठोसर कुळात नारायण या बालकाचा जन्म झाला. सूर्याजीपंत आणि राणूबाई यांचा हा धाकटा मुलगा पुढे समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. बाराव्या वर्षी लग्नाच्या बोहल्यावरून निघालेला नारायण नाशिकजवळच्या टाकळीस पोहोचला आणि १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे तेथे राहिला, असे चरित्रपरंपरा सांगते. गोदावरी आणि नंदिनी यांच्या संगमावर या काळात त्यांनी रामनामाच्या त्रयोदशाक्षरी मंत्राचा तेरा कोटी जप पूर्ण केला, अशी समर्थ संप्रदायाची श्रद्धा आहे.

'तेरा कोटी' हे शब्द कीर्तनातून, प्रवचनातून आणि चरित्रग्रंथांतून इतक्यांदा कानांवरून गेलेले असतात, की ती एक संख्या आहे याकडे फारसे लक्ष जात नाही. ती उच्चारायला एक सेकंद पुरतो. मोजायला घेतली तर मात्र कित्येक वर्षे लागतात. कागदावर ती १३,००,००,००० अशी लिहिली जाते. एक, तीन आणि त्यांच्यापुढे सात शून्ये, असे नऊ अंक. वरवर पाहता या संख्येत काही विशेष दिसत नाही. पण तिचे अवयव पाडले, तिची वर्गांत विभागणी केली, जपमाळेने आणि पंचांगाने तिला भागून पाहिले, की तिची अनेक कुतूहलजनक वैशिष्ट्ये समोर येतात. त्यांतील काही तेराची आहेत, काही सात शून्यांची, तर काही या दोहोंच्या संयोगाची.

अक्षरांतून आलेली संख्या

प्रथम प्रश्न असा, की तेरा कोटीच का? याचे उत्तर मंत्राच्या अक्षरांत आहे. 'श्रीराम जय राम जय जय राम' या मंत्रातील अक्षरे मोजली तर ती बरोबर तेरा भरतात. म्हणूनच त्याला त्रयोदशाक्षरी म्हणतात. लघु अक्षराची एक आणि गुरू अक्षराची दोन याप्रमाणे मात्रा मोजल्या तर त्या सतरा होतात.

मंत्रशास्त्रात पुरश्चरणाचा एक रूढ संकेत आहे : मंत्राची जितकी अक्षरे, तितके लक्ष जप. गायत्री मंत्र चोवीस अक्षरांचा, म्हणून त्याचे पुरश्चरण चोवीस लाखांचे. त्याच न्यायाने तेरा अक्षरी मंत्राचे एक पुरश्चरण तेरा लाखांचे होते. अशी शंभर पुरश्चरणे झाली, की तेरा कोटी होतात. दुसऱ्या शब्दांत, प्रत्येक अक्षरामागे एक कोटी जप, असा या संख्येचा अर्थ आहे.

प्रत्येक जपात तेरा अक्षरे असल्यामुळे तेरा कोटी जपात उच्चारलेल्या अक्षरांची एकूण संख्या १३ गुणिले १३ कोटी, म्हणजे १६९ कोटी होते. वाल्मीकि रामायण परंपरेने २४,००० श्लोकांचे मानले जाते आणि अनुष्टुभ श्लोकात ३२ अक्षरे असतात. या हिशेबाने रामायणाची अक्षरे सुमारे ७ लाख ६८ हजार होतात. म्हणजे १६९ कोटी अक्षरे उच्चारणे हे रामायणाची सुमारे २,२०० पारायणे करण्यासारखे आहे.

'कोटी' ही संज्ञाही या भूमीत फार जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. प्रत्येक स्थान आधीच्या दसपट. त्यांत कोटी हे आठवे स्थान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. मोठ्या संख्यांना स्वतंत्र नावे देण्याची ही परंपरा नसती, तर जपसंख्येचा असा सुटसुटीत उच्चार शक्यच झाला नसता.

सात शून्यांचे देणे

कोणत्याही पूर्ण संख्येची ओळख तिच्या मूळ अवयवांतून पटते. १३,००,००,००० चे मूळ अवयव तीनच : २, ५ आणि १३. दोन सात वेळा, पाच सात वेळा आणि तेरा एकदा. या पंधरा अवयवांचा गुणाकार केला, की तेरा कोटी ही संख्या मिळते. दोन आणि पाच यांच्या सात जोड्या म्हणजेच सात शून्ये.

या संख्येला नि:शेष भाग देणाऱ्या विभाजकांची संख्या काढणे सोपे आहे. दोनचा घात शून्यापासून सातपर्यंत आठ प्रकारे घेता येतो, पाचचाही आठ प्रकारे आणि तेरा घेणे वा न घेणे असे दोन प्रकार. आठ गुणिले आठ गुणिले दोन, म्हणजे १२८ विभाजक. आता गंमत अशी, की १२८ ही संख्या स्वत:च दोनचा सातवा घात आहे आणि ती तेरा कोटींच्या अवयवांत आधीच दडलेली आहे. त्यामुळे तेरा कोटींना त्यांच्या विभाजकांच्या संख्येनेही नि:शेष भाग जातो. भागाकार येतो १०,१५,६२५. स्वत:च्या विभाजकांच्या संख्येने भागल्या जाणाऱ्या अशा संख्यांचा गणितात स्वतंत्र अभ्यास झालेला आहे.

या १२८ विभाजकांची बेरीज ३४,८६,३१,९२० होते. त्यांतून मूळ संख्या वजा केली तरी २१,८६,३१,९२० उरतात. म्हणजे स्वत:ला सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज मूळ संख्येहून कितीतरी अधिक आहे. ग्रीक काळापासून अशा संख्यांना विपुल मानले गेले.

संगणकाच्या द्विमान पद्धतीत, म्हणजे केवळ ० आणि १ या अंकांनी, तेरा कोटी लिहिले तर २७ अंक लागतात. सत्तावीस दिवे एका ओळीत लावले आणि ते केवळ पेटते वा विझलेले ठेवले, तरी एकपासून तेरा कोटींपर्यंतची कोणतीही संख्या त्यांतून दाखवता येते. शिवाय द्विमान पद्धतीतही या संख्येच्या शेवटी सातच शून्ये येतात. दशमान पद्धतीत सात, द्विमान पद्धतीत सात आणि पाच पायाच्या पद्धतीतही सात. दोन आणि पाच हे दोन्ही अवयव सात सात वेळा आल्याचा हा परिणाम.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही वैशिष्ट्ये बव्हंशी सात शून्यांची आहेत. तेराच्या जागी सात, अकरा किंवा सतरा या मूळ संख्या ठेवल्या तरी विभाजक १२८ च येतात. तेराचे खरे वैशिष्ट्य दिसते ते वर्गांच्या बेरजेत.

तेराची खरी करामत

तेरा म्हणजे चार अधिक नऊ. अर्थात दोनचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. सगळ्या मूळ संख्या अशा दोन वर्गांत फोडता येत नाहीत. चारने भागल्यावर बाकी एक उरणारी मूळ संख्या एकाच प्रकारे दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते आणि बाकी तीन उरणारी कधीच मांडता येत नाही, असा नियम आहे. फ्रेंच गणिती फर्मा यांनी १६४० मध्ये एका पत्रात हा नियम मांडला. समर्थ टाकळीहून निघून देशभर भ्रमण करीत होते, तो हाच काळ. त्याची सिद्धता मात्र अठराव्या शतकात ऑयलर यांनी दिली. तेराला चारने भागल्यास बाकी एक उरते, म्हणून तेरा या कसोटीस उतरतात.

दुसरा धागा भारतातील आहे. दोन वर्गांच्या बेरजा असलेल्या दोन संख्यांचा गुणाकार केला, तर तो गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो. हे सूत्र ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथातील अधिक व्यापक सूत्राचाच एक प्रकार होय. दहा म्हणजे एकचा वर्ग अधिक तीनचा वर्ग आणि तेरा म्हणजे दोनचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. म्हणून १३० या संख्येस दोन रूपे मिळतात : ३ आणि ११ यांच्या वर्गांची बेरीज १३०, तसेच ७ आणि ९ यांच्या वर्गांची बेरीजही १३०. या चारही संख्यांपुढे तीन तीन शून्ये ठेवली, की तेरा कोटींची दोन रूपे तयार होतात.

असा पूर्ण शोध घेतला तर तेरा कोटी ही संख्या बरोबर आठ निरनिराळ्या प्रकारे दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते. त्या आठ जोड्या अशा :

२०० आणि ११,४००
१,०६४ आणि ११,३५२
३,००० आणि ११,०००
३,३८४ आणि १०,८८८
४,२०० आणि १०,६००
५,९६० आणि ९,७२०
६,६८० आणि ९,२४०
७,००० आणि ९,०००

यांतील कोणतीही जोडी घ्यावी, दोन्ही संख्यांचे वर्ग करावेत आणि बेरीज करावी; उत्तर १३,००,००,००० येते. उदाहरणार्थ, ११,४०० चा वर्ग १२,९९,६०,००० आणि २०० चा वर्ग ४०,०००. बेरीज तेरा कोटी. नववी जोडी नाही.

शेजारच्या संख्यांशी तुलना केली म्हणजे तेराचे महत्त्व कळते. अकरा कोटी, बारा कोटी, चौदा कोटी आणि पंधरा कोटी या चारही संख्या एकदाही दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येत नाहीत. अकराला चारने भागल्यावर बाकी तीन उरते. बारा आणि पंधरा यांच्यात तीन हा अवयव आडवा येतो, चौदामध्ये सात. केवळ एक कोटी घेतले तर चार जोड्या मिळतात. तेराने गुणताच त्या दुप्पट होतात.

तेराचा आणखी एक पैलू शाळेतील भूमितीतून परिचित आहे. ५ चा वर्ग अधिक १२ चा वर्ग म्हणजे १३ चा वर्ग. काटकोन त्रिकोणाच्या बाजूंचे हे त्रिकूट बौधायनाच्या शुल्बसूत्रांत नोंदलेले आहे. त्यामुळे ज्याच्या बाजू पाच कोटी आणि बारा कोटी एकक आहेत, अशा काटकोन त्रिकोणाचा कर्ण बरोबर तेरा कोटी भरतो.

देवळालीच्या कसोट्या

टाकळी आज नाशिक शहराचाच भाग आहे आणि नाशिकजवळच्याच देवळालीत विसाव्या शतकात संख्यांचा एक थोर उपासक होऊन गेला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) हे तेथे शालेय शिक्षक होते. ६१७४ या 'कापरेकर स्थिरांका'ने त्यांचे नाव जगभर पोहोचले. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्या कामाची दखल घेतली. कापरेकरांनी दिलेल्या काही कसोट्या तेरा कोटींना लावून पाहता येतात.

पहिली कसोटी 'हर्षद' संख्येची. हर्षद म्हणजे आनंद देणारी. जी संख्या तिच्या अंकांच्या बेरजेने नि:शेष भागली जाते, ती हर्षद. तेरा कोटींच्या अंकांची बेरीज एक अधिक तीन, म्हणजे चार. चारने भागले तर ३,२५,००,००० येतात. बाकी उरत नाही. म्हणून तेरा कोटी ही हर्षद संख्या होय. तेरा ही संख्या स्वत: मात्र हर्षद नाही, कारण तेराला चारने भाग जात नाही. १३० सुद्धा नाही. तेरावर किमान दोन शून्ये चढल्यावरच हा गुण येतो.

आता हाच क्रम पुढे चालवावा. ३,२५,००,००० च्या अंकांची बेरीज दहा. दहाने भागले तर ३२,५०,०००. पुन्हा बेरीज दहा, पुन्हा भाग जातो. ३,२५,०००, मग ३२,५००, मग ३,२५०, आणि शेवटी ३२५. येथे साखळी थांबते, कारण ३२५ ला दहाने भाग जात नाही. पण ज्या संख्येपाशी ती थांबते, ती संख्याही साधी नाही. ३२५ म्हणजे एकपासून पंचवीसपर्यंतच्या सर्व संख्यांची बेरीज. शिवाय तीन निरनिराळ्या प्रकारे दोन वर्गांची बेरीज असणारी ती सर्वांत लहान संख्या आहे : १ आणि १८, ६ आणि १७, १० आणि १५ या जोड्यांच्या वर्गांची बेरीज ३२५ च येते.

दुसरी कसोटी 'स्वयंभू' संख्येची. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली, की नवी संख्या जन्मते. पहिली ही दुसरीची जनक. जिला असा एकही जनक नसतो, तिला कापरेकरांनी स्वयंभू म्हटले. तेरा कोटी ही संख्या स्वयंभू नाही. तिला नेमका एक जनक आहे : १२,९९,९९,९४४. या संख्येच्या अंकांची बेरीज ५६ होते आणि ५६ मिळवताच तेरा कोटी पूर्ण होतात.

माळेशी न जुळणारा मेळ

जप मोजण्याचे साधन म्हणजे माळ. जपमाळेत १०८ मणी असतात आणि मेरूमणी वेगळा. त्यामुळे तेरा कोटी जपाच्या माळा किती, हा प्रश्न ओघानेच येतो. भागाकार केला, की १२,०३,७०३ माळा पूर्ण होतात आणि ७६ मणी उरतात. तेरा कोटींवर आणखी ३२ जप केले, तरच शेवटची माळ मेरूमण्यापर्यंत पोहोचते.

हाच भागाकार दशांशात लिहिला तर १२,०३,७०३.७०३७०३... असे उत्तर येते आणि ७०३ हे अंक अखंड फिरत राहतात. याचे कारण १०८ च्या अवयवांत आहे. १०८ म्हणजे ४ गुणिले २७. चारचा भाग तेरा कोटींना सहज जातो. पण २७ मध्ये तीन हा अवयव तीनदा आहे आणि तेरा कोटींत तो एकदाही नाही. त्यामुळे हा भागाकार कधीच पूर्ण होत नाही. सत्तावीसने होणाऱ्या अपूर्ण भागाकारात नेहमी तीन किंवा त्याहून कमी अंकांचे आवर्तन येते, कारण २७ गुणिले ३७ म्हणजे ९९९.

पंचांगाशीही या संख्येचे फारसे जमत नाही. आठवड्याचे सात वार, महिन्याच्या तीस तिथी, वर्षाचे बारा महिने, सत्तावीस नक्षत्रे, दिवसाचे चोवीस तास, यांपैकी कशानेही तेरा कोटींना नि:शेष भाग जात नाही. तीन किंवा सात हा अवयव प्रत्येक ठिकाणी आडवा येतो. भाग जातो तो दिवसाच्या आठ प्रहरांनी.

व्यवहारात साधकांनी ही अडचण फार पूर्वीच सोडवली आहे. माळ १०८ मण्यांची असली तरी ती शंभर म्हणून धरायची आणि वरचे आठ जप चुकल्या-माकल्याचे समजून सोडून द्यायचे, अशी रीत सर्वत्र आहे. या रीतीने तेरा कोटींच्या माळा बरोबर तेरा लाख होतात. मात्र प्रत्येक माळेत आठ जप अधिक होत असल्याने प्रत्यक्ष उच्चार १४ कोटी ४ लाख होतात. सोडून दिलेले जपच एक कोटी चार लाख भरतात.

बारा वर्षांचे दिवस

यापुढचे गणित सर्वांत साधे, पण सर्वांत गंभीर आहे. बारा वर्षांचे दिवस होतात ४,३८३. तेरा कोटींना या संख्येने भागले, की दररोजचे २९,६६० जप येतात. एकही दिवस खाडा न करता, बारा वर्षे. शंभरच्या हिशेबाने रोजच्या सुमारे २९७ माळा. अक्षरांच्या भाषेत सांगायचे तर रोज ३ लाख ८५ हजार अक्षरे, म्हणजे दररोज अर्ध्या रामायणाएवढा उच्चार.

याला वेळ किती लागेल? एका जपाला दोन सेकंद धरले, तर रोज १६ तास २८ मिनिटे लागतात. दीड सेकंद धरला तर १२ तास २१ मिनिटे. एकच सेकंद धरला तरी ८ तास १४ मिनिटे. तेरा अक्षरे एका सेकंदात स्पष्ट उच्चारणे जिभेला अवघड आहे. पहाटेपासून दुपारपर्यंत नदीच्या पाण्यात उभे राहून समर्थ जप करीत, असे परंपरा सांगते. तो काळ सहा तासांचा धरला आणि सारा जप त्यातच झाला असे मानले, तर एका जपाला पाऊण सेकंदही मिळत नाही. दिवसाचा उरलेला वेळ भिक्षा आणि ग्रंथाध्ययन यांत जात असे, असेही परंपराच सांगते. समर्थांच्या हातची मानली जाणारी वाल्मीकि रामायणाची प्रत धुळे येथील श्री समर्थ वाग्देवता मंदिरात जतन केलेली आहे.

मग तेरा कोटी ही संख्या अक्षरश: घ्यायची की अपार साधनेची खूण म्हणून? अंकगणिताने या प्रश्नाचा निवाडा होत नाही. जपाचे वाचिक, उपांशु आणि मानस असे तीन प्रकार शास्त्राने मानले आहेत. मोठ्याने केलेला, ओठांतल्या ओठांत केलेला आणि केवळ मनात केलेला. वरील हिशेब वाचिक जपाचा आहे. मनातल्या जपाला जिभेच्या गतीची मर्यादा नाही आणि चालता-बोलता चाललेल्या नामस्मरणाला घड्याळाचीही नाही. अंकगणित सांगते ते एवढेच, की ही संख्या खरी मानायची तर त्या बारा वर्षांतील जागेपणाचा जवळजवळ प्रत्येक क्षण जपाचा मानावा लागतो. श्रद्धावंतांना त्यात साधनेची तीव्रता दिसेल, चिकित्सकांना परंपरेची अतिशयोक्ती. दोघांसाठीही रोजच्या २९,६६० चा आकडा मात्र एकच राहतो.

एकटा आणि समुदाय

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत या मंत्राचा सर्वाधिक प्रसार ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराज (१८४५–१९१३) यांनी केला. सातारा जिल्ह्यातील गोंदवले येथून तो शहरांतील मध्यमवर्गीय घरांपर्यंत पोहोचला. तेरा कोटींचा संकल्प आज बहुधा सामूहिक रीतीने सोडला जातो. या बदलामागेही गणितच आहे.

नोकरी-व्यवसाय सांभाळून एखाद्याने रोज दहा माळा, म्हणजे हजार जप, नेमाने केले, तर तेरा कोटींना १ लाख ३० हजार दिवस लागतील. म्हणजे सुमारे ३५६ वर्षे. रोज शंभर माळा केल्या तरी ३५ वर्षे आणि सात महिने. एका सामान्य आयुष्यात न मावणारी ही संख्या आहे. तीच समुदायात वाटली की आवाक्यात येते. शंभर माणसांनी रोज तेरा माळा केल्या, तर बरोबर एक हजार दिवसांत संकल्प पूर्ण होतो. हजार माणसांनी रोज दहा माळा केल्या, तर १३० दिवसांत. विभाजक १२८ असल्यामुळे समान वाटणीच्या अशा कितीतरी सोयी या संख्येत आहेत आणि त्या पुन्हा सात शून्यांच्याच कृपेने आल्या आहेत.

पाश्चात्त्य समजुतीत अशुभ ठरलेला तेराचा अंक जांबच्या परंपरेत मंत्राच्या अक्षरांतून आला आणि पूज्य ठरला. गणिताच्या दृष्टीने तेरा शुभही नाही आणि अशुभही नाही. ती केवळ दोन वर्गांत फोडता येणारी एक मूळ संख्या आहे. वर सांगितलेल्या आठ जोड्या समर्थांच्या काळीही तेरा कोटींत होत्या आणि जप कोणी केला नसता तरीही असत्या. त्यांत चमत्कार शोधण्याचे कारण नाही. पण मोठी संख्या सहज उच्चारून पुढे जाण्याची जी सवय सर्वांनाच जडली आहे, तिला हे गणित थोडा आवर घालते. कोटींचे आकडे अंदाजपत्रकांतून, घोटाळ्यांतून आणि लोकसंख्येच्या तक्त्यांतून रोज समोर येतात आणि वाचून विसरलेही जातात. तेरा कोटी सेकंद सरायलाच चार वर्षांहून अधिक काळ लागतो. जपमाळ ओढणाऱ्या माणसाला मात्र संख्येची ही लांबी सांगावी लागत नाही. त्याच्यापुढे तेरा कोटी येतात ते एकदम नव्हे, तर एकामागून एक सरणाऱ्या मण्यांच्या रूपाने.